देव टिब्बा मोहिमेसाठी आवाहन : दोर हवाय, औषधं हवीत आणि जास्तीचे चार दिवस हवेत

नमस्कार बडोदेकर मंडळी,

मंडळाच्या गिर्यारोहण ग्रुपकडून हे लिहितोय, जरा लांबलंय पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती. येत्या मे-जूनमध्ये आपल्या ग्रुपची सात मुलंमुली हिमालयातल्या देव टिब्बा शिखरावर निघतायत. मनालीजवळ जगतसुख म्हणून गाव आहे, तिथून चिक्का, सेरी करत बेस कँपला जायचं, मग दुहंगन कॉलची (कॉल म्हणजे दोन शिखरांमधली खिंड) खडी घळ आणि तिच्यावर सगळं बर्फाचं पठार, शिखर ६००१ मीटर. पीर पंजाल ह्या डोंगररांगेत याच्याहून उंच म्हणजे शेजारचं इंद्रासन, ६२२१ मीटर. देव टिब्ब्यावर माणसं पहिल्यांदा पोचली १९५२ साली. दिल्लीच्या इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनकडे शिखराच्या बुकिंगचे कागद तयार करणं चालू आहे. सातही जणांचा जवळजवळ महिनाभराचा बेसिक कोर्स झालेला आहे, बहुतेकांची सुरुवात माउंट अबूच्या खडकांवर झाली.

एकूण खर्च साधारण साडेसहा लाख येतोय. त्यातले निम्मे मुलं स्वतः भरतायत, कुणी पगारातून, कुणी ट्यूशन घेऊन. उरलेल्यासाठी तुमच्याकडे आलोय.

आता काही काकालोक विचारतात की शिखर चढायचंय ना, मग इतके दिवस कशाला, आठवड्यात जाऊन या. तर हेच नीट सांगायचंय, कारण सगळ्यात जास्त पैसा ह्या दिवसांनाच लागतो. आपलं बडोदा समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरवर, आणि सहा हजार मीटरवर हवेचा दाब इथल्या निम्म्याच्याही खाली असतो. शरीराला त्याची सवय व्हायला वेळच द्यावा लागतो, दुसरा उपाय नाही. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं, असा साधा नियम आहे. तो मोडला की डोकं दुखणं, उलट्या इथून सुरू होतं आणि पुढे फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठतं, तेव्हा पेशंटला खाली आणणं हाच खरा इलाज, बाकी सगळं वेळ मिळवण्यापुरतं. त्यात हवामान बिघडलं तर दोन-तीन दिवस तंबूत बसून काढावे लागतात. प्रत्येक जास्तीच्या दिवसाला रॉकेल, रेशन, पोर्टरची मजुरी, गाइडचे पैसे लागतात. बजेट तुटपुंजं असलं की मुलं मनातल्या मनात हिशेब करायला लागतात, आज नाही गेलो तर पैसे संपतील, आणि नको त्या हवेत वर निघतात. हे आपल्याला होऊ द्यायचं नाहीये. म्हणून चार रिझर्व्ह दिवस आम्ही बजेटमध्ये घातलेत आणि ते कापणार नाही, कुणी कितीही सांगितलं तरी.

दुसरी गोष्ट ग्लेशियरची. हिमनदीला मोठमोठ्या भेगा असतात आणि वरून ताजा बर्फ पडला की त्या झाकल्या जातात, दिसतच नाहीत. म्हणून चौघांनी एका दोरात बांधून, मधे दहा-बारा मीटर अंतर ठेवून चालायचं, एक जण आत गेला की बाकीच्यांनी जागेवर आडवं पडून आईस अ‍ॅक्स रोवून त्याला धरायचं. मग प्रुसिक गाठी (बारीक दोरीची मुख्य दोराला मारलेली गाठ, ताण आला की घट्ट बसते) मारून, पुली लावून वर ओढायचं. मध्यरात्री निघायचं तेही त्यासाठीच, थंडीत बर्फ घट्ट असतो, ऊन चढलं की स्नो ब्रिज, म्हणजे भेगांवरचे बर्फाचे पूल, नरम पडतात आणि घळीत दगड सुटायला लागतात.

मुलं ह्याची तयारी कशी करतायत ते एकदा येऊन बघा. दर रविवारी मंडळाच्या गच्चीवर टाकीच्या खांबाला दोर बांधलेला असतो, खाली बर्फाच्या पाण्याची बादली. हात त्यात बुडवून ठेवायचे, बोटं बधिर झाली की जाड ग्लोव्हज घालायचे आणि तशातच प्रुसिक मारायची, न बघता. परवा एका मुलीची गाठ सारखी सुटत होती, बोटं लालबुंद झालेली, पण पाचव्यांदा बसली तेव्हाच ती उठली. शनिवारी पावागड, माचीपासून वर पायऱ्यांनी, सॅकमध्ये पाण्याचे कॅन, वर पोचलं की पाणी ओतून द्यायचं म्हणजे उतरताना गुडघे वाचतात. पण पावागड आठशे मीटरच्या आसपास, त्याने दम वाढतो, विरळ हवेची सवय होत नाही, ती तिथेच होणार.

पालकांच्या मनात भीती आहे आणि ती रास्त आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तराखंडातल्या द्रौपदी का दांडा-२ शिखरावर हिमस्खलन झालं, त्यात शिकलेली-सवरलेली माणसं गेली. डोंगराची हमी कुणी देऊ शकत नाही. आपण एवढंच करू शकतो की सामान कमी पडून किंवा घाई होऊन काही घडायला नको.

तर मदत कशी करायची. पैसे २५१ असोत की ५१००, दांडिया बाजारच्या मंडळाच्या ऑफिसात संध्याकाळी सात ते नऊ खजिनदार बसतात, पावती मिळेल. दोर, हार्नेस, फुगवायची प्रेशर बॅग (पेशंटला आत ठेवून पंप मारला की पंधराशे-दोन हजार मीटर खाली आणल्यासारखा फरक पडतो, ती भाड्याने घ्यायचीय), ऑक्सिजन सिलिंडर, मुलांचा आणि पोर्टर लोकांचा विमा, ह्यावर आधी खर्च होईल. पोर्टरचा विमा आणि त्यांचे गरम कपडे आपण आपल्या मुलांइतकेच धरलेत, ह्यात कुणाला जास्त वाटलं तरी बदल नाही.

पैसे नसतील तरी चालेल. तुमच्या ओळखीत छातीचे किंवा हृदयाचे डॉक्टर असतील तर सात जणांची तपासणी करून द्या. कुणाकडे चांगल्या स्थितीतले स्लीपिंग बॅग, डाउन जॅकेट पडून असतील तर वापरून, धुऊन परत करू. मावश्या, काकूंना विनंती, उंचावर भूक मरते आणि तिखट-गोड घरचं काहीतरी असलं तरच घास उतरतो, तर मेथकूट, दाण्याचे लाडू, सुकी चटणी, लीलो चेवडो जे जमेल ते लहान पाकिटांत द्या, मोठा डबा नको, थंडीत झाकण उघडत नाही.

एप्रिलच्या १५ तारखेपर्यंत सगळं जमा झालं तर दोर आणि बाकी सामान वेळेत मागवता येईल. हिशेब ऑफिसच्या बोर्डावर लागेल, बिलांसकट. परवानगी मिळाली नाही किंवा मोहीम रद्द झाली तर ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी पावती दाखवून न्यावेत, उरलेल्यातून घेतलेला दोर आणि सामान पुढच्या बॅचच्या ट्रेनिंगला मंडळातच राहील.