‘राहिलेलं काम’ या फाइलबद्दल आभार

ताई,

सप्रेम नमस्कार.

ठाण्याला नौपाड्यात आमचं छोटं वाचनालय आहे. त्याची ग्रंथसूची जुन्या डीटीपी फॉन्टात टाइप केलेली होती. अशा फॉन्टांत देवनागरीचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की काहीच वाचता येत नसे. फॉन्ट बदलून देणाऱ्या तुमच्या कन्व्हर्टरमुळे ती सूची युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या सामायिक अक्षर-संकेतात आली आणि वाचकांना मोबाइलवर पुस्तक शोधता येऊ लागलं.

हे काम किती किचकट आहे ते तुमचा कोड वाचताना उमगलं. ‘मूर्तिकार’ हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टात दिसेल तसं टाइप करायचं : आधी पहिली वेलांटी, मग त, शेवटी वरचा रफार. युनिकोडला हवं र्, मग त, मग वेलांटी. क्रम पूर्ण उलटा! वेलांटी जोडाक्षराची असेल तर ती किती तुकडे ओलांडून न्यायची हेही ठरवायला हवं. शिवाय ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गल्लत झाली तर गुरुजींचा स्वयंपाकी होतो. हे सगळं ऐरोलीतली नोकरी सांभाळून, रात्री बसून, एक पैसा न घेता तुम्ही केलंत.

तरी मला सर्वांत मोलाची वाटते ती ‘राहिलेलं काम’ ही फाइल. कन्व्हर्टरमध्ये काय जमत नाही ते तीत लिहिलंय : तक्त्यातला मजकूर सरकतो, का सरकतो, कोडच्या कोणत्या भागापासून (फंक्शनपासून) पाहावं. शब्द अकारविल्हे लावताना ळ चुकीच्या जागी जातो, कारण युनिकोडच्या क्रमांकांत तो ल नंतर येतो आणि आपल्या वर्णमालेत ह नंतर. काय जमलं नाही हे इतकं स्वच्छ लिहून ठेवणारे मी फार थोडे पाहिले. अपुरं काम लोक स्वतःजवळच ठेवतात आणि ते तिथेच संपतं. तुमची फाइल वाचून वाचनालयात येणाऱ्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने ळ चं काम हाती घेतलं. कोड कुणीही वापरावा, बदलावा अशी मुभा देणारा जीपीएल परवाना तुम्ही लावलेला होता, त्यामुळे कुणाची परवानगी मागावी लागली नाही. त्याची दुरुस्ती तुम्ही तपासलीत, दोन ठिकाणी सुधारायला सांगितलंत आणि सामील करून घेतलीत. तो पोरगा त्या दिवशी किती खूश होता!

मध्यंतरी कुणीतरी ‘तक्ते कधी पूर्ण करणार? जमत नसेल तर बंद करा’ असं तुम्हाला सुनावलेलं वाचलं. फार राग आला. 2014 मध्ये ओपनएसएसएल या इंटरनेटवरची माहिती सुरक्षित ठेवणाऱ्या मुक्त कोडमधला हार्टब्लीड नावाचा दोष उघड झाला, तेव्हा जगभरच्या असंख्य सर्व्हरांचा भार वाहणारा तो कोड मूठभर माणसं सांभाळत होती हे सर्वांना कळलं. फुकट वापरणाऱ्याने निदान तारीख मागू नये. तक्ते झाले तर आनंदच आहे. नाही झाले तरी आमचं तुमच्याकडे काही मागणं नाही.

सोबत आमच्या सूचीतले रफार आणि जोडाक्षरांचे अवघड शब्द पाठवतो आहे, शेजारी बरोबर रूप लिहून. चाचणीसाठी वापरा. प्रूफ दोघांनी वाचलं आहे. पुढचे शब्द तपासून झाले की तेही पाठवतो, आणि या पत्राला उत्तर लिहिण्यात तुमची रात्र घालवू नका.

आपला,
वाचनालयाचा एक कार्यकर्ता, ठाणे