बाबांचा पॅच आणि रात्रीची सुट्टी

ती. आई-बाबा, सा. न.

काल फोनवर आपलं जरा वाजलंच बाबा, मी आवाज चढवला, सॉरी. पण तुम्ही चार रात्री हार्टच्या औषधाचा पॅच अंगावरून काढलाच नाहीत, का तर "रात्रीच काही झालं तर?", आणि वर म्हणता आता दिवसा चालताना छाती आवळते, पॅच पहिल्यासारखा लागू पडत नाही. अहो तो लागू पडत नाही कारण तुम्ही तो काढत नाही! फोनवर तुम्ही ऐकणार नाही म्हणून लिहूनच काढतो.

पॅचमध्ये नायट्रोग्लिसरीन आहे, हो, डायनामाइटवालंच. खुद्द आल्फ्रेड नोबेलना शेवटी शेवटी हार्टसाठी हेच लिहून दिलं होतं, आणि 1896 च्या एका पत्रात त्यांनी नशिबाच्या या थट्टेबद्दल लिहिलंयही. शरीरात गेलं की त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, आणि गंमत म्हणजे हाच वायू आपल्या रक्तवाहिन्या स्वतःही बनवत असतात. रक्तवाहिनीला आतून पेशींचं एक पातळ अस्तर असतं, त्या पेशींच्या रिसेप्टरवर असिटिलकोलिनसारखा निरोप्या येऊन बसला की आत कॅल्शियम वाढतं, एक एन्झाइम जागं होतं आणि आर्जिनिनपासून हा वायू तयार करतं. तो इतका छोटा की शेजारच्या स्नायूच्या पेशीत घुसायला त्याला दार लागत नाही, सरळ आत, तिथे सीजीएमपी नावाचा रेणू वाढतो, कॅल्शियम उतरतं, स्नायू सैल पडतो, नळी रुंदावते. स्वतः तो वायू काही सेकंदच टिकतो.

हे अस्तराचं काम कळलं तेही जवळजवळ चुकून. फर्चगॉट नावाचे शास्त्रज्ञ सशाच्या महाधमनीचे तुकडे तपासायचे, आणि तेच असिटिलकोलिन कधी तुकडा सैल करायचं, कधी उलट आवळायचं. शेवटी लक्षात आलं की तुकडा कापता-हाताळताना अस्तर घासून निघालं की तो आवळतो. 1980 साली हे छापून आलं, 1998 चं नोबेल मिळालं, म्हणजे परत नोबेलच! आई, तुझ्या बीपीने हेच अस्तर थकतं, आणि चालताना रक्त त्यावर घासून गेलं की ते जास्त वायू बनवतं, म्हणून मी चालण्यामागे लागतो, उगाच नाही.

आता पॅच. पूर्वी डायनामाइटच्या कारखान्यातल्या कामगारांचं सोमवारी डोकं ठणकायचं, आठवड्यात हळूहळू थांबायचं आणि रविवारची सुट्टी झाली की परत सोमवारी सुरू. शरीर सरावायचं आणि सुट्टीत तो सराव मोडायचा. तुमचं अगदी तेच झालंय, फक्त तुम्ही सुट्टीच दिली नाहीत. रोज दहा-बारा तास पॅच अंगावर नको असतो तो यासाठी. ज्यांना त्रास रात्रीच होतो त्यांना डॉक्टर वेळ बदलून देतात, पण तुमचा त्रास दिवसाचा. तरी छाती आवळते हे उद्याच डॉक्टरांना सांगा, माझं पत्र म्हणजे तपासणी नाही.

याच औषधाच्या जिभेखालच्या गोळीने डोकं दुखतं म्हणून ती टाळू नका, डोक्यातल्या नळ्या पण रुंदावतात म्हणून दुखतं. ती बसूनच घ्या, बीपी एकदम उतरतं. पाच मिनिटांत छातीतलं थांबलं नाही तर थेट ॲम्ब्युलन्स, मला फोन नंतर. आणि हो, "त्या" निळ्या गोळ्या, ज्यांच्या जाहिराती येतात, त्या याच्यासोबत अजिबात नाही, त्या सीजीएमपी मोडूच देत नाहीत आणि दोन्ही मिळून बीपी धोकादायक खाली जातं. आई, हे वाक्य तू वाचलं नाहीस.

आई, बाबांच्या जिभेखालच्या गोळ्या तू प्लॅस्टिकच्या आठवड्याच्या डबीत भरल्यास ना? औषध उडून जातं गं त्यातून, मूळ काचेच्या बाटलीतच ठेवायच्या असतात. नवी बाटली आणा.

शनिवारी फोन करतो. पॅच किती वाजता काढला ते आईलाच विचारणार आहे, तुम्हाला नाही.

तुमचा,
धाकटा