मॉरिशसची अर्धीच हकीकत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मॉरिशसने कोविडला कसे रोखले, हा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. दिलेले आकडे बरोबर आहेत. १८ मार्च २०२० रोजी पहिले तीन रुग्ण, दोन दिवसांत टाळेबंदी, आणि ३३२ रुग्ण व १० मृत्यूंवर पहिली लाट आटोपली. पण लेखकाने मॉरिशसला ‘आदर्श’ म्हणून तिथेच हकीकत संपवावी, याचा संताप आला म्हणून लिहितो.

माझी मुलगी मॉरिशसमधल्या कात्र बोर्न या शहरात दिली आहे. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली आणि १९ मार्चला त्या देशाने दारे लावून घेतली, स्वतःच्या नागरिकांनासुद्धा. बाळ पुण्यात, बाप तिकडे. बारसे मोबाइलवर झाले. जावईबापूंना किराणा आणायचा तर आडनावाच्या आद्याक्षरावरून वार ठरलेला, त्यांचा बुधवार आणि शनिवार, दुकानात फक्त अर्धा तास. त्याबद्दल तक्रार नाही, ती शिस्त हवीच होती. पण परतीच्या विमानाचे विचारावे तर कोणी धड सांगेना. त्यात एप्रिलमध्ये तिथली विमान कंपनी एअर मॉरिशसच आर्थिक अडचणीत येऊन प्रशासकांच्या हाती गेली. अखेर विमान मिळाले तेव्हा बाळ रांगत होते, आणि उतरल्यावरही मायलेकरांना घरी न सोडता थेट हॉटेलात १४ दिवस विलगीकरणात नेले. अशी किती कुटुंबे महिनोन् महिने ताटातुटीत राहिली! त्यांच्यासाठी लेखात एक ओळ नसावी?

आणि २०२१ कुठे गेले? महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, १० मार्चला, तिथे पुन्हा टाळेबंदी लागली. गंगा तलाव या तिथल्या पवित्र तळ्याची महाशिवरात्रीची यात्रा आवरती घ्यावी लागली. त्या लाटेत डायलिसिसवरचे रुग्ण एकामागून एक दगावले. घरच्यांनी टाहो फोडला तेव्हा चौकशी समिती नेमली गेली. १ ऑक्टोबरला सीमा पूर्ण खुल्या झाल्या, त्याच सुमारास कोरोनाच्या डेल्टा प्रकाराने थैमान घातले. दहावर थांबलेला मृतांचा आकडा पुढे हजारावर गेला. साडेबारा लाख वस्तीच्या बेटावर हजार माणसे म्हणजे ओळखीपाळखीतले कोणीतरी गेलेच. हे गाळून ‘आदर्श’ हा शब्द वापरणे त्या घरांवर अन्याय आहे.

याच लेखकांकडून २०२१ वर स्वतंत्र लेख लिहून घ्यावा, आणि त्यांनी आधी डायलिसिसच्या रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलावे, ही विनंती.

— एक वाचक, कोथरूड, पुणे

ता. क. : लेखासोबतचे पाण्यावरच्या झोपड्यांचे छायाचित्र मालदीवचे आहे. मॉरिशसमध्ये पिढ्यान् पिढ्या मराठी माणसे राहतात. तिथला एखादा फोटो मिळणे अवघड नव्हते.