दाताच्या एक्स-रेची मूळ फाइल द्या

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

पूर्वी दाताच्या एक्स-रेची इवलीशी फिल्म रुग्णाच्या हाती पडायची. आरव्हीजी (फिल्मऐवजी सेन्सरने काढलेला दाताचा डिजिटल एक्स-रे) आल्यापासून प्रतिमा दवाखान्याच्या संगणकातच राहते आणि रुग्णाला व्हॉट्सॲपवर मिळतो तो पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो. दुसऱ्या दंतवैद्याला त्यावरून फारसे काही ठरवता येत नाही. मग तोच दात, पुन्हा एक्स-रे, पुन्हा पैसे.

१२ बिटचा सेन्सर करड्या रंगाच्या ४०९६ छटा टिपतो. पडद्यावर एका वेळी साधारण २५६च दिसतात, पण मूळ फाइल असेल तर उजेड-गडदपणा बदलून बाकीच्याही पाहता येतात. दोन दाढांच्या फटीतली सुरुवातीची कीड किंवा मुळाच्या टोकाशी विरळ होऊ लागलेले हाड अशा बारीक फरकांतच दडलेले असते. फोटोत ट्यूबलाइट चमकते, कोन तिरका असतो आणि प्रमाण बिघडल्याने रूट कॅनलची लांबी मोजता येत नाही. त्यावर नाव-तारीखही नसते. उपचारानंतर हाड भरले का, हे सहा महिन्यांनी कशाशी ताडून पाहायचे?

एका दाताच्या एक्स-रेतून मिळणारे किरण अगदी थोडे, काही मायक्रोसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक); भिण्याचे कारण नाही. पण विनाकारण का घ्यावेत? 'डिजिटल म्हणजे आपोआप कमी किरण' हेही अर्धसत्यच. फिल्मवर किरण जास्त पडले की ती काळी पडायची, चूक लगेच कळायची. फॉस्फर प्लेट (सेन्सरऐवजी तोंडात ठेवून नंतर स्कॅन करायची पातळ पट्टी) वापरली तर सॉफ्टवेअर उजेड जुळवून घेते, प्रतिमा छान दिसते आणि यंत्राचा टायमर फिल्मच्या काळातल्या आकड्यावरच राहिला आहे, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

दवाखान्यांनी प्रतिमा डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांसाठीचे प्रमाणित फाइल-स्वरूप) स्वरूपात द्यावी. ते जमत नसेल तर सॉफ्टवेअरमधून पूर्ण आकारात एक्स्पोर्ट करून ईमेलने पाठवावी. व्हॉट्सॲपच वापरायचे तर 'फोटो' म्हणून नव्हे, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे, म्हणजे फाइल दाबली जात नाही. फाइलच्या नावात रुग्णाचे नाव, तारीख आणि दाताचा क्रमांक असावा (खालची डावी पहिली दाढ म्हणजे ३६). मिनिटभराचे काम आहे. सीबीसीटीच्या (जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनच्या) बाबतीत मात्र छापलेल्या निवडक चित्रांवर समाधान मानू नये. पूर्ण फोल्डरच घ्यावा.

रुग्णांनी पैसे देतानाच फाइल मागावी आणि ती उघडते का, हे तिथेच पाहावे.

— एक दंतवैद्य, नाशिक