ताईत आणि अक्षरे

महोदय,

पश्चिम आफ्रिकेतील ताईतांचा उल्लेख केवळ ‘जादूटोण्याच्या वस्तू’ असा होतो, ते मनाला खटकते. जानेवारी १८३५ मध्ये ब्राझीलमधील साल्वादोर शहरात, मुख्यतः योरुबा (पश्चिम आफ्रिकेतील एक समाज) असलेल्या मुस्लिम गुलामांनी व मुक्त आफ्रिकनांनी उठाव केला, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांच्या अंगावर असे ताईत, म्हणजे चामड्याच्या चिमुकल्या थैल्या, सापडल्या. त्या उसवल्यावर आत घडीवर घडी घातलेले, अरबीत कुराणातील वचने लिहिलेले कागद निघाले. पोलिसांनी ते गुन्ह्याचा पुरावा म्हणून जप्त केले आणि दप्तरी बांधले गेल्यामुळेच त्यांतले काही आजवर टिकले. ज्यांना निरक्षर मालमत्ता मानले गेले, त्यांच्यात लिहिणारे-वाचणारे होते, याची ही त्यांच्याच हातची साक्ष आहे. असे ताईत प्रदर्शनात मांडताना आतील मजकूर भाषांतरासह शेजारी द्यावा.

– एक वाचक, रत्नागिरी