मंथरा पुन्हा भेटली

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा आई रामायण लावून बसली होती, तेव्हा तुम्ही मागून म्हणालात, "मालूम असलेली गोष्ट कायले पुन्हा पाहाची?" मला ते फोनवर ऐकू आलं. तेव्हा हसून सोडून दिलं, पण उत्तर द्यायचंच होतं. फोनवर तुम्ही मला दोन वाक्यांपुढे बोलू देत नाही, म्हणून पत्र.

आधी तुमचंच सांगते. आपल्या मंडईच्या जत्रेत रात्री वडशाच्या नाटक कंपनीचं नाटक असलं की तुम्ही अंगावर चादर घेऊन तणसावर बसायचे ते पहाटेपर्यंत. कित्येक नाटकं तुमची आधी पाहिलेली असायची. शेवटी सासू सुधारणार, की सून विहिरीत उडी घेणार, सगळं तुम्हाला ठाऊक. तरी खलनायक आला की तुम्ही बाजूच्याला कोपरानं ढोसायचे, "आता पाय मजा." मग आईनं रामायण पुन्हा पाहिलं तर काय बिघडलं जी?

आई, मी रामायण पहिल्यांदा पूर्ण पाहिलं ते तुझ्याच शेजारी बसून. 28 मार्च 2020 ला दूरदर्शननं ते पुन्हा सुरू केलं, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. टाळेबंदी होती, मी घरीच अडकले होते. तू मला 1987 मधल्या रविवारच्या सकाळींबद्दल सांगायचीस : गुरुजींकडे गावातला एकच टीव्ही, बांबूला बांधलेली अँटेना, आणि ऐन वनवासात लाइन गेली की सगळ्यांचा जीव खालीवर. टाळेबंदीत मी राम-सीता आणि दारासिंगांचा हनुमानच पाहत होते. मंथरा आली की तू म्हणायचीस, "हिले पाय, हिले." मी पाहिलं नाही.

यंदा पाहिलं. मोबाइलवर तेवढाच भाग पुन्हा लावला. पहिल्या वेळी माझं सगळं लक्ष कैकेयीकडे होतं, कारण वर तीच मागणार. आता कळलं की खरा खेळ तिच्या मागे उभ्या असलेल्या म्हातारीचा आहे. ती कैकेयीचं वाईट करायला आलेली वाटतच नाही. मायेनं बोलते, काळजीनं बोलते, मधेच गप्प होते, आणि विष आपोआप उतरतं. पुढे काय होणार ते ठाऊक असलं की नजर मोकळी होते, कोपऱ्यातल्या माणसाकडे जाते. आजच्या मालिकांत कुणी नुसतं चमकून पाहिलं तरी कॅमेरा तिघांच्या तोंडावर तीनदा जातो. मग शोधायला उरतं काय?

ती म्हातारी म्हणजे ललिता पवार. त्यांचा जन्म 1916 चा, म्हणजे मंथरा झाल्या तेव्हा सत्तरीच्या आसपास. आणि आई, त्या येवल्याच्या. मी नाशिकला नोकरीला आल्यापासून किती वेळा येवल्यावरून गेले असेन, पैठणीशिवाय दुसरं काही डोक्यात आलं नाही. मूकपटांच्या काळातच त्या पडद्यावर आलेल्या. 1942 मध्ये एका चित्रीकरणात भगवानदादांची चापट जरा जोरात बसली, चेहऱ्याला लकवा झाला आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेची कामं गेली. तू ज्याला "मंथरेचा डोळा" म्हणतेस, तो मेकअप नव्हता, तो हा.

तेव्हापासून मला नादच लागला. सुट्टीच्या दिवशी जुने सिनेमे लावते आणि त्यांची वाट पाहते. प्रभातचा 'रामशास्त्री' 1944 चा, त्यात त्या आनंदीबाई. म्हणजे 'ध' चा 'मा' करणारीही त्याच आणि रामाला वनात धाडणारीही त्याच! पण 'श्री 420' मध्ये बघ, रस्त्यावर केळी विकणारी गंगामाई. 'अनाडी' मधली मिसेस डिसा तर राज कपूरला सारखी रागावते आणि जीवही तितकाच लावते. त्या कामाला फिल्मफेअर मिळालं. डोळा तोच, चेहरा तोच, आणि इथे त्याच डोळ्यात माया दिसते. हे कसं केलं असेल, ते मला अजून उलगडलेलं नाही. आई, 'अनाडी' तू पाहा. बाबा, तुम्हीही. शेवट आधी सांगत नाही, नाहीतर तुम्हाला उठून जायला निमित्त मिळेल.

आता कामाचं. डिशचा रिचार्ज संपला आणि रामायण मधेच बंद पडलं, असं आई म्हणाली. दर महिन्याला ते पैसे कशाला भरता? दूरदर्शनची फ्री डिश घ्या. छत्री आणि डब्बा एकदाच घ्यायचा, महिन्याचं भाडं नाही. सह्याद्री आणि डीडी नॅशनल दोन्ही त्यावर दिसतात. तुमच्या कृषीच्या बातम्याही सुटणार नाहीत. पैसे मी पाठवते. वाद नको.

यंदा मंडईला कोणतं नाटक आणताहेत ते कळवा, मी तशी सुट्टी टाकते. आधी पाहिलेलं असलं तरी चालेल.

धानाचा रोवणा आटोपला असेल, तर छत्री लावायला लाखांदूरहून मेकॅनिकला बोलवा. बाबा, पावसानं कवेलू ओले आहेत, तुम्ही वर चढू नका. आई, लक्ष ठेव, हे ऐकत नाहीत.

तुमची,
धाकटी