मॉरिशसमधल्या ल पेत्रँच्या काकांना

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

मॉरिशसच्या जुन्या रानावरचा माझा प्रबंध गेल्या महिन्यात जमा केला. ऋणनिर्देशाच्या पानावर तुमच्यासाठी जेमतेम दीड ओळ मिळाली. ते मनाला लागून राहिलं, म्हणून सगळ्यांसमोर हे पत्र.

मॉरिशसवर मूळ लोकवस्ती नव्हती. डच १५९८ मध्ये उतरले आणि १६३८ मध्ये वस्ती करून राहिले. त्याआधी तिथलं रान बदललं, तर ते माणसाच्या हातून नव्हे. दक्षिण किनाऱ्यालगतच्या ‘मार ओ सोंज’ या दलदलीत डोडो आणि कासवांच्या हाडांचा खच सापडला. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या अवर्षणात आटत्या पाण्याभोवती ती जनावरं मेली होती. त्या काळात वर डोंगरमाथ्यावर कसलं रान होतं, एवढंच मला गाळात साठलेल्या परागकणांवरून शोधायचं होतं.

तुम्ही रानपेरूच्या गचपणातून कोयत्याने वाट काढलीत. चिखलात उतरवलेलं गिरमिट वर येईना, तेव्हा गुडघ्यापर्यंत रुतून तुम्ही ते ओढलंत. गिरमिटाची अर्धनळी उघडली तर आत काळाभोर, लोण्यासारखा मऊ गाळ आणि त्यात एक अख्खं पान! हवा लागताच ते आमच्या डोळ्यांदेखत काळं पडलं. मग ताडपत्रीखाली काकूंनी दिलेली डाळपुरी. तिची चव अजून जिभेवर आहे.

पण खरे उपकार दुसऱ्या दिवशीचे. परागकणाचं कवच भलतंच चिवट असतं. हवा न पोचणाऱ्या गाळात ते हजारो वर्षं टिकतं, प्रयोगशाळेतल्या आम्लांनाही दाद देत नाही. त्यामुळे भिंगाखाली मोजणं जमतं. वरच्या थरात पाइनचे दोन कानांचे कण दिसले, की तो थर माणसांनी पाइन लावल्यानंतरचा, हे कळतं. खाली एरिका या झुडपाचे कण चार-चारच्या जुडीत येतात. एरिका वाढली की मी वहीत लिहायचे, ‘हवा कोरडी’.

तुम्ही मला हाताला धरून ल पेत्रँच्या माळावर नेलंत. एकीकडे पाण्यात उभा व्हाकोआ, म्हणजे आपल्या केवड्याचाच भाऊबंद. चार पावलांवर एरिकाची झुडपं. पाऊस दोघांवर सारखाच धो धो कोसळत होता. तुम्ही बुटाच्या टाचेने माती खरवडलीत. खाली टणक, तांबडा जांभा! मी रत्नागिरीची. सड्यावर कितीही पाऊस पडो, माती नसली की मोठं झाड धरत नाही, हे लहानपणापासून पाहत आलेय. तरी भिंगाला डोळा लावल्यावर विसरले होते. तुमचे पणजोबाही रत्नागिरीकडूनच जहाजात चढलेले, हे तुम्ही तिथेच सांगितलंत. क्रिओल या तिथल्या भाषेत बोलता बोलता मध्येच ‘दगड’ म्हणालात, तेव्हा मला भरून आलं.

एरिका वाढते ती हवा कोरडी म्हणूनच असं नाही, माती नसली तरीही; म्हणून परतल्यावर मी वहीतले सगळे ‘कोरडी’ खोडले. एरिकासोबत व्हाकोआचे कणही घटलेत का, गाळाचा पोत बदललाय का, हे थरागणिक पुन्हा तपासलं. चार महिने गेले. दोन ठिकाणी माझा निष्कर्ष टिकला, तीन ठिकाणी सोडून द्यावा लागला. परीक्षकांनी नेमकं त्याच प्रकरणावर सर्वांत जास्त विचारलं, आणि मला उत्तर देता आलं.

एक प्रत तुमच्या भाचीकडे पाठवली आहे. तिच्याकडून चौथं प्रकरण वाचून घ्या. व्हाकोआच्या कणाचं छायाचित्र त्यातच आहे, तुम्ही फांदी वाकवून धरलीत त्याच फुलातलं.

काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
रत्नागिरीची पोर